खेळातली अश्वशक्ती

६५० ला ५१ ने भागले तर १२.७ येतात, ८१० ला ४६ ने भागले तर १७.६. पहिला आकडा सेंच्युरियन या ब्रिटिश रणगाड्याचा, दुसरा पॅटन या अमेरिकन रणगाड्याचा. अंशस्थानी इंजिनाची अश्वशक्ती आहे आणि छेदस्थानी टनांमध्ये वजन. दर टनामागे किती अश्वशक्ती मिळते हे सांगणाऱ्या या आकड्याला शक्ति-भार गुणोत्तर म्हणतात. भौतिकशास्त्राच्या तासाला ‘शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर’ एवढेही ज्यांना धड आठवत नाही, अशी नववी-दहावीतली कितीतरी मुले हे गुणोत्तर तोंडपाठ सांगतात. ही विद्या त्यांना आपण शिकवलेली नाही. ती आली आहे ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ आणि ‘वॉर थंडर’ अशा खेळांमधून. या खेळांत जगाच्या निरनिराळ्या भागांत बसलेले अनेक खेळाडू एकाच वेळी एकाच रणभूमीवर रणगाडे चालवतात.

शिक्षकवर्गात या खेळांविषयी दोनच मते आढळतात. एक, हा वेळेचा निव्वळ अपव्यय आहे. दुसरे, यातून मुले काहीतरी तांत्रिक शिकतात, तेव्हा चालू द्यावे. खेळ उघडून त्यातले इंजिन तपासण्याची तसदी दोन्ही पक्ष घेत नाहीत. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करताना आपण ते वाचतो. तोच न्याय या खेळांना लावून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू. त्यासाठी मी एकच बाब निवडली आहे : वाहनांच्या इंजिनांचा ‘समतोल’.

समतोल हा शब्द इथे विशेष अर्थाने वापरला जातो. पंधरा विरुद्ध पंधरा अशी लढत असेल आणि एका बाजूची वाहने मुळातच सरस असतील, तर दुसऱ्या बाजूचे खेळाडू चार दिवसांत खेळ सोडून जातील. म्हणून खेळ रचणाऱ्याला दोन्ही बाजू तुल्यबळ ठेवाव्या लागतात. इतिहासातील रणगाडे मात्र तुल्यबळ नव्हते. किंबहुना शत्रूपेक्षा सरस असावेत म्हणूनच ते बनवले गेले. ही अडचण सोडवण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही आपल्या परिचयाचे आहेत. मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याला घोड्यांच्या शर्यती होतात, तेथे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन लादतात, म्हणजे सगळे घोडे साधारण बरोबरीने धावतील. हा झाला पहिला मार्ग. दुसरा मार्ग कुस्तीच्या आखाड्यातला : पैलवानाचे वजन आहे तेच राहू द्यायचे, पण त्याला त्याच्या वजनी गटातल्या पैलवानाशीच लढवायचे.

‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ने पहिला मार्ग धरला. हा खेळ २०१० साली आला. तो बनवणारी ‘वॉरगेमिंग’ ही कंपनी मूळची बेलारूसमधील मिन्स्क शहरातली. त्यातला ‘माऊस’ हा जर्मन रणगाडा पाहा. नाव उंदराचे, वजन १८८ टन! दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्याचे मोजके नमुने तयार झाले. त्यांच्यासाठी घेतलेली इंजिने हजार ते बाराशे अश्वशक्तीच्या घरातली होती. बाराशे धरले तरी दर टनामागे जेमतेम ६.४ अश्वशक्ती पडते. खेळातल्या माऊसला मात्र १,७५० अश्वशक्तीचे इंजिन मिळते आणि गुणोत्तर ९.३ वर जाते.

हा १,७५० चा आकडा हवेतून आलेला नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. तो एका विमानाच्या इंजिनाचा आकडा आहे. माऊसच्या पहिल्या नमुन्यातले इंजिन त्याच विमान-इंजिनावरून बेतलेले होते, पण रणगाड्यात बसवताना त्याची शक्ती बरीच कमी करावी लागली. सेंच्युरियनची कहाणीही अशीच आहे. त्यातले ‘मिटिऑर’ इंजिन म्हणजे स्पिटफायर विमानातल्या ‘मर्लिन’चा भाऊ. दोन्ही २७ लिटर क्षमतेची, दोन्ही बारा सिलिंडरची. मर्लिन युद्धकाळात हजारावरून दीड हजाराच्या पुढे गेले. मिटिऑर ६५० वर थांबले. एकाच घराण्यातल्या दोन इंजिनांत एवढा फरक का?

मर्लिनमध्ये हवा दाबून सिलिंडरमध्ये भरणारा पंखा होता, तो मिटिऑरमधून काढून टाकला. जेवढी हवा आत जाते तेवढेच इंधन जळू शकते. हवा कमी, तर शक्ती कमी. विमानाला उच्च प्रतीचे पेट्रोल मिळे. रणगाड्याला साधे पेट्रोल चालवून घ्यावे लागे आणि ते जास्त दाबाखाली वेळेआधीच पेटते. शिवाय विमानाच्या रेडिएटरवर ताशी चारशे-पाचशे किलोमीटर वेगाचा वारा फुकट येतो. रणगाडा चिलखताच्या पेटीत बंद असतो. त्याला थंड राहण्यासाठी स्वतःच्याच इंजिनावर पंखे फिरवावे लागतात. पॅटनच्या ८१० अश्वशक्तीतला बराच वाटा या पंख्यांत आणि गिअरपेटीत जाई. म्हणजे ८१० हा आकडा इंजिन बाकावर ठेवून मोजलेला. पट्ट्यांपर्यंत पोहोचणारी शक्ती त्याहून पुष्कळ कमी.

मुलांना ‘इंजिनाची शक्ती’ ही वस्तूच्या अंगी असलेली, वजनासारखी ठाम राशी वाटते. ती तशी नाही. ती हवेच्या घनतेवर, इंधनावर, थंड करण्याच्या सोयीवर आणि मोजण्याच्या जागेवर अवलंबून असते. तापमान १५ अंशांवरून ४५ अंशांवर गेले तर हवेची घनता २८८/३१८ या प्रमाणात उतरते, म्हणजे सुमारे नऊ टक्क्यांनी. हवा दाबून भरण्याची सोय नसलेल्या इंजिनाची शक्तीही साधारण तितकीच घटते. मे महिन्यातल्या मालेगावात आणि डिसेंबरातल्या नाशकात तेच इंजिन सारखे नसते. खेळात वाळवंट असते, बर्फ असते, पण इंजिनाला त्याचा पत्ताच नसतो.

असो. ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’च्या रचनाकारांनी जमिनीचा विचार मात्र केला आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक रणगाड्याला कठीण, मध्यम आणि मऊ जमिनीसाठी तीन निरनिराळे रोधांक दिलेले असतात आणि इंजिनाची शक्ती त्या अंकाने भागली जाते. मऊ जमिनीचा अंक बहुधा कठीण जमिनीच्या दुपटीच्या आसपास असतो. कल्पना चांगली आहे, भौतिकशास्त्राला धरून आहे. त्याचा अंदाज घेण्यासाठी सेंच्युरियनचा हिशेब मांडू. ६५० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ४८५ किलोवॉट. त्यातले सत्तर टक्के पट्ट्यांपर्यंत पोहोचतात असे धरू : ३४० किलोवॉट. ५१ टनांचे वजन सुमारे ५०० किलोन्यूटन. कठीण रस्त्यावर रोध वजनाच्या चार टक्के धरला तर तो २० किलोन्यूटन होतो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. तेव्हा ३४० भागिले २०, वेग सेकंदाला १७ मीटर, म्हणजे ताशी ६१ किलोमीटर. प्रत्यक्षात सेंच्युरियन रस्त्यावर ताशी ३५ च्या वर जात नसे, कारण त्याची गिअरपेटीच त्या वेगाला संपत असे. आता नांगरलेले ओले शेत घ्या आणि रोध बारा टक्के धरा. बल ६० किलोन्यूटन, वेग ताशी सुमारे २० किलोमीटर. याच शेतात पॅटनचा वेग येतो ताशी २८. म्हणजे कठीण रस्त्यावर गिअर वेग ठरवतात आणि शेतात शक्ती. कमाल वेगाचा एकच आकडा पाहून वाहनाची किंमत करणाऱ्या मुलांना हा हिशेब जरूर करायला द्यावा.

चढाचे उदाहरण तर आपल्या दारातच आहे. कसाऱ्याहून इगतपुरीकडे येणाऱ्या रेल्वेमार्गाचा चढ ३७ ला १ आहे. म्हणजे नेहमीच्या रोधाखेरीज गाडीच्या वजनाच्या १/३७, जवळजवळ २.७ टक्के, एवढे बल जास्त लागते. सपाटीवरचा रोध लोखंडी रुळांवर वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो. तेव्हा घाटात लागणारे बल अनेक पटींनी वाढते. म्हणून कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडण्याची पद्धत पडली. रणगाड्याला असे मागून ढकलणारे कोणी नसते. तो गिअर उतरवतो आणि वेग कमी करून चढतो.

नेमकी ही गोष्ट ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’मध्ये जाणवत नाही, कारण तिथे गिअर नाहीत. इंजिन म्हणजे एक आकडा, आणि तो आकडा पाहिजे तसा फिरवण्याची मुभा रचनाकाराने स्वतःकडे ठेवली आहे. एखादा रणगाडा फार हरू लागला की त्याला चाळीस-पन्नास अश्वशक्ती वाढवून मिळते. फार जिंकू लागला की काढून घेतली जाते. खेळ म्हणून त्यात काही गैर नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. बदललेल्या आकड्याशेजारी इंजिनाचे खरे नाव तसेच राहते, रणगाड्याचा खरा इतिहास तसाच छापलेला राहतो आणि त्या परिच्छेदाच्या आधाराने आकडाही खरा वाटू लागतो. शर्यतीच्या घोड्यावर लादलेले वजन कार्डावर छापलेले असते. इथे ते छापत नाहीत.

‘वॉर थंडर’ने आखाड्याचा मार्ग धरला. ‘गायजिन’ या मूळच्या मॉस्कोतल्या कंपनीचा हा खेळ. तो २०१२ मध्ये विमानांपासून सुरू झाला. रणगाडे नंतर आले. त्याच्या वास्तवाच्या जवळ जाणाऱ्या प्रकारात इंजिनाचे आकडे उपलब्ध कागदपत्रांशी जुळवलेले असतात. (सोप्या प्रकारात इंजिने सरळ फुगवलेली असतात, पण तो प्रकार वेगळ्या नावाने ठेवलेला आहे, हे बरे.) गिअर आहेत, चढावर चुकीच्या वेळी गिअर बदलला तर जड रणगाडा मध्येच ढेपाळतो. ते पाहून मला मनापासून आनंद झाला. समतोल राखायचा तो इंजिनाला हात न लावता : प्रत्येक वाहनाला एक लढाऊ श्रेणी देतात आणि जवळपासच्या श्रेणीतली वाहनेच समोरासमोर आणतात.

आकडे खरे ठेवण्याच्या या हट्टाने विचित्र वळणेही घेतली. २०२१ साली आपल्या रणगाड्याचे चित्रण खेळात चुकीचे आहे हे सिद्ध करण्यासाठी काही खेळाडूंनी चॅलेंजर-२ आणि लेक्लेर या ब्रिटिश व फ्रेंच रणगाड्यांच्या माहितीपुस्तिकांतील मजकूर कंपनीपुढे ठेवला. त्यात सर्वांसाठी खुला नसलेला मजकूर होता, आणि कंपनीला तो काढून टाकावा लागला. एका आकड्यासाठी माणसे किती थराला जातात!

पण ‘वॉर थंडर’ची खरी चूक इंजिनात नाही, संख्याशास्त्रात आहे, आणि ती शिक्षकांच्या विशेष ओळखीची आहे. वाहनाची लढाऊ श्रेणी ठरवताना ते वाहन चालवणाऱ्या खेळाडूंच्या सरासरी कामगिरीचा मोठा आधार घेतला जातो. आता एखादा दुर्मिळ रणगाडा मुरलेले खेळाडूच घेतात असे समजा. ते जास्त जिंकतात. सरासरी वर जाते, आणि रणगाडा बलवान ठरून वरच्या श्रेणीत ढकलला जातो. उलट जो रणगाडा नवशिक्यांच्या हाती सहज पडतो, तो चांगला असूनही दुबळा ठरतो. ‘अ’ तुकडीच्या निकालावरून तिच्या शिक्षकाला शाबासकी आणि ‘ड’ तुकडीच्या निकालावरून तिच्या शिक्षकाला खुलासा मागायचा, त्यातलाच हा प्रकार. तुकड्या पाडतानाच गुणांप्रमाणे पाडल्या होत्या, हे कोणी विचारातच घेत नाही. वाहनाचा परिणाम आणि चालवणाऱ्याचा परिणाम वेगळा काढायचा असेल, तर तेच खेळाडू दोन वेगवेगळ्या वाहनांत बसवून तुलना करावी लागते. अशा प्रचंड खेळात ती आकडेवारी जमा होतच असते. ती वापरणे अशक्य नाही.

तरीही निवड करायची झाली तर मी ‘वॉर थंडर’च्या बाजूने मत देईन. त्याची चूक तपासता येते. इंजिन खरे आहे आणि श्रेणी वादग्रस्त आहे, हे खेळाडूला दिसते. पहिल्या खेळात वाद कशाशी घालायचा तेच कळत नाही.

आता सुरुवातीच्या दोन आकड्यांकडे वळू. १२.७ विरुद्ध १७.६, कागदावर पॅटन स्पष्टच सरस. त्याचा कमाल वेग ताशी ४८ किलोमीटर, गिअरपेटी जवळजवळ स्वयंचलित. सेंच्युरियनची गिअरपेटी चालकाचा घाम काढणारी आणि पेट्रोलची भूक अशी की सुरुवातीच्या नमुन्यांचा पल्ला जेमतेम शंभर किलोमीटर. काहींच्या मागे इंधनाचा गाडा जोडावा लागे. आणि तरी सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तर येथे पॅटनांची जी दशा झाली ती सर्वश्रुत आहे. भारतीय नोंदींप्रमाणे पाकिस्तानने तेथे ९७ रणगाडे गमावले. भारताच्या बाजूला सेंच्युरियन होते, पण ते मोजके; बाकी दुसऱ्या महायुद्धातले जुने शर्मन आणि हलके एएमएक्स. अब्दुल हमीद यांनी तर जीपवर बसवलेल्या रणगाडाविरोधी तोफेने पॅटन टिपले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

याचे स्पष्टीकरण देताना मुले म्हणतात, आणि काही मोठी माणसेही म्हणतात, की पॅटन चिखलात रुतला म्हणून हरला. सेंच्युरियन चिखलाला चांगला होता. हे खेळाच्या चष्म्यातून पाहणे झाले. सेंच्युरियनही जडच होता, तोही त्या चिखलात रुतला असता. फरक असा की त्याला चिखलात उतरण्याची गरजच नव्हती. भारतीय तुकड्या घोड्याच्या नालेच्या आकारात, उसाच्या आडोशाला दबा धरून बसल्या होत्या आणि पुढची शेते पाण्याने भिजवलेली होती. पुढे येणे भाग होते ते पॅटनना. जो थांबून राहू शकतो त्याला अश्वशक्ती फारशी लागत नाही. लढाईचे कसब समतोल मोडण्यात असते, आणि येथे तो पाण्याने मोडला.

असल उत्तर या खेळांत का मांडता येत नाही, ते यावरून उमजते. आकडे चुकीचे आहेत म्हणून नव्हे. दोन्ही बाजूंना सारखी जमीन, सारखे अंतर आणि सारखा वेळ दिला, की इंजिनाला आपोआप महत्त्व येते, कारण दोघांनाही धावावेच लागते. १५ मिनिटांच्या सामन्यात इंधन संपत नाही, इंजिन तापत नाही, आणि ज्या पुलावरून ५१ टन नेता येत नाहीत असा पूलही आड येत नाही. खऱ्या रचनाकाराचा समतोल या न दिसणाऱ्या गोष्टींशी असतो. आपल्या अर्जुन रणगाड्याच्या पहिल्या आवृत्तीचे वजन सुमारे ५८.५ टन आणि इंजिन १,४०० अश्वशक्तीचे. म्हणजे टनाला जवळजवळ २४. सुधारित आवृत्ती ६८ टनांच्या घरात गेली आणि इंजिन तेच राहिले. गुणोत्तर साडेवीसवर उतरले. ही घट संरक्षण व इतर साधने वाढवण्यासाठी जाणूनबुजून दिलेली किंमत होती. वजनाबरोबर पूल, रेल्वेचे वाघिणे आणि वाहून नेणाऱ्या ट्रेलरचे प्रश्नही आले. खेळाच्या तक्त्यात यांतले फक्त गुणोत्तर दिसते.

मोबाइलवर अधिक चालणाऱ्या खेळांविषयी थोडेच सांगतो. पबजीवर २०२० मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये त्याचा ‘बीजीएमआय’ हा भारतीय अवतार आला. त्यात जीप, मोटारी, मोटारसायकली आहेत, पण इंजिन असे नाहीच. गाडीचे बाह्यरूप पैसे देऊन बदलता येते. वेग त्याने बदलत नाही. समतोलाच्या दृष्टीने हा निर्णय योग्य आहे. मात्र ब्रेक आणि टकरी यांचे चित्रण इतके सैल आहे की ताशी शंभरच्या वेगाने उलटलेल्या गाडीतून माणूस उठून चालू लागतो. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे इथे मुळीच कळत नाही. आणि हे खेळणारी मुले अठरा वर्षांची होण्याआधीच गंगापूर रोडवर दुचाकी काढतात.

ज्या शिक्षकांना हे वर्गात आणायचे असेल त्यांनी मुलांना एक प्रयोग द्यावा. खेळात वाहनाचा वेग पडद्यावर दिसतो. वाहन सपाट रस्त्यावर थांबलेल्या अवस्थेतून पूर्ण जोराने सोडायचे, पडद्याचे चित्रण करायचे आणि दर अर्ध्या सेकंदाला वेग टिपायचा. मग दोन आलेख काढायचे : वेग विरुद्ध काल, आणि वेगाचा वर्ग विरुद्ध काल. खेळात इंजिनाऐवजी नुसते ठराविक बल लावलेले असेल, तर त्वरण कायम राहील आणि पहिला आलेख कमाल वेगापर्यंत सरळ जाऊन एकदम आडवा होईल. ठराविक शक्ती लावलेली असेल, तर गतिज ऊर्जा कालाच्या प्रमाणात वाढेल आणि दुसरा आलेख सरळ येईल. रोधामुळे तो पुढे पुढे वाकेल. खऱ्या वाहनात सुरुवातीचा छोटा भाग पहिल्या प्रकारचा आणि नंतरचा दुसऱ्या प्रकारचा असतो. शून्य वेगाला ठराविक शक्ती म्हणजे अनंत बल, आणि तेवढे बल पेलण्याइतके घर्षण जमिनीजवळ नसते, म्हणून सुरुवातीला घर्षणच मर्यादा घालते. गिअर बदलण्याच्या जागी आलेखात लहान पायऱ्या दिसल्या, तर खेळ रचणाऱ्याने गिअरपेटी खरोखर बसवली आहे असे समजावे.

ज्यांना खरे वाहन पाहायचे असेल त्यांच्यासाठी अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय नाशिकहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. ते १९९४ मध्ये सुरू झाले आणि तेथे सेंच्युरियन व पॅटन दोन्ही उभे आहेत. पॅटनच्या मागच्या बाजूला जाऊन इंजिनावरच्या जाळ्यांनी केवढी जागा व्यापली आहे ते मुलांना पाहायला सांगावे. हवेने थंड होणाऱ्या २९ लिटरच्या इंजिनाला श्वास घ्यायला तेवढी जागा लागते, आणि तेवढ्या जागेवर जाड चिलखत बसवता येत नाही.